मुंबईत नवे असाल तर: कुत्र्याचा ओरखडा, पंधरा मिनिटं साबण आणि चार तारखा

माझा मामेभाऊ चिपळूणहून भांडुपला आमच्याकडे राहायला आला. पार्सल पोचवायचं काम मिळालं होतं. दुसऱ्याच आठवड्यात एका रात्री साडेबाराला घरी आला, मोरीत पाय धुतले आणि जेवायला बसला. पोटरीला हळद लावलेली दिसली म्हणून विचारलं, तर म्हणाला, "काही नाही दादा, खालच्या पिल्लाचा दात जरासा लागला. खेळत होतं." मोबाईलचा टॉर्च लावून पाहिलं. हळद पुसल्यावर खाली सुतासारखी एक तांबडी रेघ, आणि तिच्या टोकाला मोहरीएवढे रक्ताचे दोन ठिपके. तेही वाळलेले.

कुत्र्याने मांसाचा लचका तोडला तर माणूस आपणहून दवाखान्याकडे धावतो. अशी रेघ मात्र तो कुणाला दाखवत नाही, आणि रेबीजच्या विषाणूला ती पुरते. मुंबईत नव्याने आलेल्यांसाठी हे सविस्तर लिहितोय, कारण गावाकडे अशा वेळी कुणीतरी वडीलधारं हटकतं. इथे दहा बाय दहाच्या खोलीत चार मुलं राहतात, प्रत्येकाची शिफ्ट वेगळी, आणि पोटरी बघायला कुणालाच वेळ नसतो.

आधी आजार समजून घ्या

रेबीज हा मेंदूचा आजार आहे. पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतला विषाणू जखमेतून आत शिरतो आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे चढत जातो. रक्तातून तो फिरत नाही, त्यामुळे या काळात रक्त तपासून काही कळत नाही. ताप नाही, दुखणं नाही, जखमही भरून येते. हा प्रवास साधारण एक ते तीन महिन्यांचा असतो. कधी आठवड्याभराचा, तर कधी वर्षाहून जास्त. चावा मेंदूच्या जितका जवळ आणि त्या जागी मज्जातंतू जितके दाट, तितका वेळ कमी. म्हणून चेहरा, डोकं, मान, तळहात आणि बोटं यांवरचा चावा सगळ्यात वाईट.

विषाणू मेंदूत पोचला की आधी जुन्या जखमेच्या जागी मुंग्या येतात, खाज सुटते. मग पाण्याचा घोट घेताना घसा आवळतो, वाऱ्याची झुळूकही सहन होत नाही. यालाच जलसंत्रास म्हणतात. काही रुग्णांत हे काहीच दिसत नाही, नुसते हातपाय लुळे पडत जातात. लक्षणं सुरू झाल्यावर या आजारावर इलाज नाही. त्यातून वाचलेली माणसं जगभरात मिळून बोटांवर मोजण्याइतकी. दरवर्षी सुमारे ५९,००० लोक रेबीजने जातात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे, आणि त्यांतल्या ९९ टक्क्यांना तो कुत्र्यापासून होतो.

मुंबईत माणसाला झालेला रेबीज आता क्वचितच दिसतो. कुत्रे चावायचे थांबले म्हणून नव्हे, तर चावल्यावर लोक लस घेतात म्हणून. चावा आणि मेंदू यांच्या मधले हे जे काही आठवडे आपल्या हाती असतात, त्यांतच सगळं करायचं असतं. त्यांतलाही पहिला दिवस सगळ्यात मोलाचा.

धोका कुणाला जास्त

सगळ्यात आधी लहान मुलं. पिसाळल्याचा संशय असलेल्या जनावरांनी चावलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के पंधरा वर्षांखालची असतात. मुलाची उंची कुत्र्याच्या तोंडाइतकीच, त्यामुळे चावा थेट गालावर नाहीतर मानेवर बसतो. शिवाय आई ओरडेल या भीतीने मूल सांगतच नाही. बिल्डिंगच्या साइटवर राहणाऱ्या कामगारांची पोरं दिवसभर कुत्र्यांच्या पिल्लांबरोबरच वाढतात. त्यांच्या आईबापांना एवढंच सांगा: "पोराला रोज संध्याकाळी विचारा, आज कुत्र्यामांजराने कुठे लागलं का? आणि खरं सांगितलं तर ओरडू नका."

त्यानंतर रात्री उशिरा गल्लीतून येणारे-जाणारे. डिलिव्हरीवाले, वॉचमन, शेवटच्या लोकलने उतरणारे, पहाटे झाडलोट करणारे पालिकेचे कामगार. कुत्र्यांचा प्रत्येक कळप आपली गल्ली राखतो आणि नवा माणूस त्यांच्या लेखी परकाच. चालत्या बाइकच्या मागे लागले तर गाडी पळवू नका. वेग कमी करा, गरज पडली तर थांबा. पायी असाल तर पळू नका, हात झाडू नका, डोळ्याला डोळा न भिडवता उभे राहा. वास घेऊन बहुतेक कुत्रे निघून जातात. पावसाळा सरल्यावर जिन्याखाली, पार्क केलेल्या गाड्यांखाली पिल्लं दिसू लागतात. त्या दिवसांत व्यायलेल्या कुत्रीच्या जवळून जाऊ नका.

आता पिल्लांबद्दल. "एवढंसं तर आहे, त्याला कुठला रेबीज" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ते खोडून काढायलाच हवं. पिल्लाला रेबीज होतो आणि पिल्लापासून माणसालाही होतो. उलट, त्याला अजून एकही लस मिळालेली नसते आणि त्याला उचलून घ्यायला सगळेच पुढे येतात.

मुंबईत भटक्या कुत्र्यांची संख्या सुमारे ९० हजार आहे. त्यांतल्या बऱ्याच कुत्र्यांच्या कानाचं टोक कापलेलं दिसेल. नसबंदी झाल्याची ती खूण, आणि नसबंदीच्या वेळी रेबीजची लसही टोचतात. पण ही लस दरवर्षी द्यावी लागते. कापलेला कान पाहून त्या कुत्र्याला यंदा लस मिळालीय की नाही ते कळत नाही, तेव्हा त्या कानाच्या भरवशावर स्वतःची लस चुकवू नका. कुत्रे मारून टाका म्हणणारेही भेटतील. या शहरात १८३२ साली इंग्रजांनी भटके कुत्रे मारण्याचा हुकूम काढला तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता, दंगल झाली होती. पुढेही कित्येक दशकं कुत्रे मारले गेले, तरी कुत्रे आणि रेबीज दोन्ही राहिले. रेबीज थांबतो तो कुत्र्यांना लस टोचून. वस्तीतल्या निदान ७० टक्के कुत्र्यांना ती मिळाली तर साखळी तुटते. गोव्याने याच मार्गाने माणसांमधले रेबीजचे मृत्यू थांबवून दाखवलेत.

कुत्र्यांखेरीज मांजरं आहेतच. चाळीच्या गॅलरीत, मासळीबाजारात ती सर्रास फिरतात. मांजर पंजे चाटतं, त्यामुळे तिचा ओरखडाही धरायचाच. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, कान्हेरीच्या लेण्यांकडे जाताना माकडं हातातला खाऊ ओढतात. माकडाच्या चाव्याला कुत्र्याच्या चाव्यासारखीच लस लागते. मुंगसालाही तेच. पूर्वेकडच्या खाडीलगत तिवरांमध्ये कोल्हे राहतात हे नव्या माणसाला खरं वाटत नाही. पण ते आहेत, आणि २०२४ मध्ये त्यांच्यात रेबीज आढळला होता. वटवाघळाला हात लागला, ते अंगावर पडलं, तरी डॉक्टरांना दाखवा. उंदीर-घुशीच्या चाव्याने मात्र सहसा रेबीजच्या लसीची वेळ येत नाही. तरीही दवाखान्यात जायचंच, कारण धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं आणि उंदराच्या चाव्यातून येणारे ताप वेगळे असतात.

पहिली पायरी: नळ, साबण, पंधरा मिनिटं

चावलं, ओरखडलं की सगळं सोडून आधी जखम धुवायची. वाहतं पाणी आणि साबण, पूर्ण पंधरा मिनिटं. कुठलाही साबण चालतो. अंगाचा, कपड्याचा, भांड्याचा. या विषाणूवर चरबीचं वेष्टण असतं, साबणाने ते फुटतं आणि विषाणू तिथेच निकामी होतो. वाचायला हे किरकोळ वाटतं, पण पुढच्या सगळ्या उपचारांइतकंच याचं महत्त्व आहे.

पंधरा मिनिटं हा फार मोठा वेळ असतो. मामेभावाला मी मोरीत पाटावर बसवलं आणि मोबाईलवर टायमर लावला. आमच्याकडे नळाला पाणी पहाटेच येतं, म्हणून पिंपातून बादली भरली आणि तांब्याने संथ धार धरली. तो बोटाने फेस चोळत होता. दोन मिनिटांत म्हणाला, "झालं ना दादा?" पाचव्या मिनिटाला जखम चुरचुरायला लागली, आठव्या मिनिटाला पहिली बादली संपली. ती वाळलेली रेघ भिजून उघडली तेव्हा कळलं, वर दिसत होती त्याहून ती खोल होती. धुवून झाल्यावर घरात होतं ते बीटाडीन लावलं आणि जखम उघडीच ठेवली.

हळद, तिखट, चुना, तेल, कॉफीची पूड, काही म्हणजे काही लावायचं नाही. यांनी विषाणू मरत नाही. जखम चिडते आणि तो आणखी आत ढकलला जातो. जखम चोखायची नाही, डागायची नाही, घट्ट पट्टी बांधायची नाही. टाकेही शक्यतो लगेच घालत नाहीत. फार मोठी जखम असेल आणि घालावेच लागले, तर आधी जखमेत सीरम (विषाणूला जागीच अडवणारं इंजेक्शन, त्याबद्दल पुढे येईलच) भरून मगच सैल टाके घालतात. रस्त्यात असाल तर जवळच्या हॉटेलात शिरा आणि हात धुवायचा नळ मागा. कुत्रा चावलाय म्हटल्यावर सहसा कुणी नाही म्हणत नाही.

गावाकडून फोन येईल, अमक्या बाबाकडे ने, तो उतरवतो, धागा बांधतो. आईच्या मनाला बरं वाटत असेल तर धागा नंतर कधीही बांधा. त्याच्यासाठी लसीला एक तासही उशीर करू नका.

दुसरी पायरी: जायचं कुठे

पालिकेच्या रुग्णालयांत ही लस मोफत मिळते. परळचं केईएम, सायन, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर ही मोठी. घाटकोपरचं राजावाडी, वांद्रे आणि कुर्ला इथली भाभा ही उपनगरांतली. संसर्गजन्य रोगांसाठी चिंचपोकळीचं कस्तुरबा आहे. पालिकेच्या बऱ्याच दवाखान्यांतही लस मिळते, पण ती सकाळच्या ओपीडीच्या वेळात. रात्री चावलं तर मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. केस पेपर काढताना "डॉग बाइट" एवढं म्हटलं की कुठे जायचं ते दाखवतात. मुंबईचा पत्ता असलेलं आधार कार्ड नाही म्हणून परत पाठवतील, या भीतीने बरीच नवी मुलं जातच नाहीत. भीती बाजूला ठेवा आणि जा.

इथे आमच्याकडून एक चूक झाली. रात्र फार झाली म्हणून त्या वेळी नाक्यावरच्या एका खासगी दवाखान्यात गेलो. तिथे धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि सांगितलं, "घराजवळचंच पिल्लू आहे ना, मग काळजी नको." मामेभावाला ते मनापासून पटलं, मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी सात वाजता त्याला उठवून पालिकेच्या रुग्णालयात नेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन धनुर्वातासाठी असतं, रेबीजशी त्याचा काही संबंध नाही. ही गल्लत फार जण करतात आणि "इंजेक्शन घेतलंय" या समाधानात राहतात.

तिसरी पायरी: जखम कुठल्या वर्गातली

डॉक्टर तीन वर्ग धरतात. धड कातडीला कुत्र्याने चाटलं, त्याला खाऊ घातलं, हात लावला, हा पहिला वर्ग. यात लस लागत नाही. रक्त न आलेला बारीक ओरखडा किंवा दाताचा चिमटा हा दुसरा. यात लस लागते. रक्त आलेला कुठलाही चावा किंवा ओरखडा, फाटलेल्या कातडीवर किंवा डोळ्या-तोंडात गेलेली लाळ हा तिसरा वर्ग. यात लस आणि सीरम दोन्ही लागतात. मोहरीएवढे का होईना, ते दोन ठिपके रक्ताचे होते, म्हणून मामेभाऊ तिसऱ्या वर्गात गेला.

फाटलेली कातडी म्हणजे काय, याचा विचार मुंबईच्या पावसाळ्यात जरूर करा. दिवसभर ओले बूट घालून बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असतात, टाचांना भेगा असतात. संध्याकाळी पायरीवर बसलात आणि गल्लीतल्या कुत्र्याने प्रेमाने पाय चाटला, तर त्या चिखल्याही जखमच. जीन्सवरून चावलं तरी जीन्स काढून उजेडात कातडी बघा. कापड फाटलेलं नसतं, आत दात उमटलेला असतो.

सीरम म्हणजे तयार प्रतिपिंडं, विषाणूला निकामी करणारे घटक. लसीने अंगात स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, तोवर जखमेतल्या विषाणूला तिथेच अडवायचं काम सीरम करतं. म्हणूनच ते थेट जखमेत आणि तिच्या कडेने टोचतात. त्या रेघेच्या दोन्ही बाजूंनी सिस्टरनी चार ठिकाणी सुई घातली, कातडी टरटरून फुगली. पोराने माझं मनगट असं धरलं की वळ उठले. दुखतं, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. बोटावर किंवा नाकावर चावा असेल तर अजून दुखतं, पण तिथेच ते सगळ्यात गरजेचं असतं. मात्रा वजनावर ठरते. पहिल्याच दिवशी घ्यायचं. राहून गेलं तर लसीच्या पहिल्या डोसापासून सात दिवसांच्या आत. त्यानंतर त्याचा उपयोग नाही. पूर्वी हे फक्त घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तापासून बनायचं. आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने प्रयोगशाळेत घडवलेलं प्रतिपिंडही मिळतं. तुमच्या ठिकाणी सीरम नसेल तर लसीचा पहिला डोस तिथेच घ्या आणि सीरम कुठे मिळेल ते कागदावर लिहून मागा.

चौथी पायरी: चार तारखा

बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं हे अजूनही लोकांच्या मनातून गेलेलं नाही. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत आणि आपल्या देशात तिचं उत्पादन २००४ अखेर बंद झालं. आताची लस दंडात देतात, लहान बाळांना मांडीत. कुल्ल्यावर ही लस देत नाहीत. कुणी देऊ लागलं तर थांबवून विचारा.

सरकारी रुग्णालयांत बहुतेक वेळा कातडीच्या आत थोडी थोडी लस देतात, दोन्ही दंडांत एकेक टोचणी. जागेवर डास चावल्यासारखा फुगवटा येतो. "एवढुशीच दिली, पैसे वाचवतात" असं म्हणणारे रांगेत भेटतील. तसं नाही. कातडीत कमी लसही तितकंच काम करते. असे डोस चार दिवशी: ०, ३, ७ आणि २८. खासगी डॉक्टर स्नायूत देतात, तेव्हा दिवस पाच: ०, ३, ७, १४ आणि २८.

शून्य म्हणजे चावल्याचा दिवस नव्हे, पहिल्या डोसाचा दिवस. सोमवारी पहिला घेतला तर दुसरा गुरुवारी, तिसरा पुढच्या सोमवारी आणि शेवटचा त्यानंतर तीन आठवड्यांनी, पुन्हा सोमवारीच. एवढं ध्यानात ठेवलं की हिशेब चुकत नाही. घरी आल्या आल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करा आणि कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. एखादी तारीख हुकलीच तर घरी बसून राहू नका, लगेच जा. बहुतेक वेळा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथे थांबलात तिथून पुढे देतात. चावून महिना उलटला आणि आज हे वाचताय, तरी आजच जा. लक्षणं नाहीत तोवर उशीर झालेला नसतो.

गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, तान्हं बाळ, सगळ्यांना ही लस चालते. खाण्यापिण्याचं पथ्य नाही. वांगं, मासे, आंबट सगळं खा. एक मात्र न विसरता सांगा: मलेरियाच्या गोळ्या चालू असतील, किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेत असाल, तर लस टोचण्याआधीच डॉक्टरांच्या कानावर घाला. लसीचा असर कमी होऊ शकतो आणि त्यांना पद्धत बदलावी लागते.

पूर्वी कधी पूर्ण कोर्स झाला असेल तर पुन्हा चावल्यावर दोनच डोस, शून्य आणि तिसऱ्या दिवशी, आणि सीरम लागत नाही. म्हणून जुनं कार्ड फेकू नका. रोज कुत्र्यांना खाऊ घालणारे, जनावरांच्या दवाखान्यात काम करणारे, कुत्रे पकडणारे, यांनी चावायची वाट न बघता आधीच लस घेऊन ठेवावी.

पाचवी पायरी: त्या जनावरावर नजर

चावलेला कुत्रा किंवा मांजर दहा दिवस धडधाकट राहिलं, तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असं धरतात आणि डॉक्टर पुढचे डोस कमी करू शकतात. हा हिशेब फक्त कुत्र्यामांजरांचा. माकड, कोल्हा, मुंगूस यांना तो लागू नाही. आणि आधी दहा दिवस बघू, मग लस घेऊ, असं कधीच करायचं नाही. लस आज सुरू, नजर सोबत.

बघायचं काय? उगाच लाकूड-दगड चावणं, लाळ गळणं, आवाज घोगरा होणं, खालचा जबडा लोंबणं, मागचे पाय लटपटणं. पिसाळलेला कुत्रा दर वेळी अंगावर येतो असंही नाही. एखादा कोपऱ्यात, अंधारात गुपचूप पडून राहतो आणि कुणी पाणी द्यायला गेलं तर चावतो. असं काही दिसलं तर स्वतः पकडायला जाऊ नका, मुलांना आत घ्या आणि पालिकेच्या १९१६ वर फोन करा. जनावर मेलं तर त्याला उघड्या हाताने उचलू नका.

आमचं पिल्लू तिसऱ्या दिवशी दिसेनासं झालं. कुणी घेऊन गेलं की गाडीखाली आलं, कळलं नाही. मग नजर ठेवण्याचा प्रश्नच उरला नाही आणि कोर्स पूर्ण करायचा ठरला. तीन डोस मुंबईत झाले. अठ्ठाविसावा दिवस नेमका गणपतीत आला आणि मामेभाऊ गावी जायला निघाला होता. पिशवीत मोदकांच्या साच्याशेजारी मी ते कार्ड प्लास्टिकमध्ये घालून ठेवलं. गौरी-विसर्जनाच्या सकाळी त्याने गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून फोटो पाठवला: कार्डावरचा चौथा शिक्का आणि दोन्ही दंडांवर एकेक बारीक फुगवटा.